शिकायला पाठवा, पण परतीची जागा राखून



तीन वर्षांपूर्वीच्या मार्च महिन्यातली गोष्ट आहे. मोहोळ तालुक्यातल्या आठ-दहा बागायतदारांनी मिळून निर्यातीसाठी द्राक्षाची तोड धरली होती. औषधांचा हिशेब वर्षभर काटेकोर ठेवलेला, रेसिड्यूची तपासणी झालेली, मण्यांचा आकार आणि गोडी मापात बसलेली. खोकी भरून माल शीतगृहात गेला आणि रात्री अकराच्या सुमारास कॉम्प्रेसर बंद पडला. शीतगृहात चौकीदार होता, मॅनेजर होता, हिशेबनीस होता. यंत्र दुरुस्त करणारा माणूस तेवढा नव्हता. पुण्याहून मिस्त्री यायला दीड दिवस लागला. आल्यावर त्याने वीस मिनिटांत दोष शोधला, तासाभरात यंत्र चालू केले, चहा घेतला आणि गेला. तोवर माल उतरला होता. जी खोकी परदेशात जायची ती सोलापूरच्या बाजारात गेली आणि आलेल्या पट्टीतून तोडणीची मजुरीसुद्धा सुटली नाही.

त्या रात्री मी तिथे होतो. शेतीची पदवी घेतलेला माणूस. द्राक्षाला गोडी किती यावी, छाटणी कधी धरावी, भुरीवर काय मारावे हे मला विचारा. त्या यंत्रापुढे मात्र मी चौकीदाराइतकाच अडाणी होतो. आपल्या नुकसानीचे कारण त्या दिवशी पाऊस नव्हता, सरकारची निर्यातबंदी नव्हती आणि दलालही नव्हता. शंभर किलोमीटरच्या आत एक जाणता कारागीर नव्हता, एवढेच कारण होते.

ही गोष्ट मी गेल्या तालुका बैठकीत सांगितली तेव्हा मागच्या रांगेतून एक मुलगी उठली. आई दुसऱ्याच्या बागेत विरळणीला जाते, मुलीने आयटीआयमध्ये थंड यंत्रांचे काम शिकले आहे. तिने विचारले, "सर, परदेशात फिरायला गेलेले लोक आपल्या गावात पुष्कळ आहेत. माझ्यासारखीला हे काम शिकायला पाठवायची काही सोय आहे का?" मी म्हणालो, चौकशी करून सांगतो. या अंकाचे संपादकीय म्हणजे त्या चौकशीचा जबाब आहे.

आज दारे कोणती उघडी आहेत?

पहिले दार विद्यापीठाचे. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे. आज तिच्यात वर्षाला १२५ जागा आहेत. त्यांतल्या ११५ अनुसूचित जातींसाठी, ६ भटक्या-विमुक्तांसाठी, आणि भूमिहीन शेतमजूर व पारंपरिक कारागीर या दोघांसाठी मिळून ४. होय, चार. साऱ्या देशातल्या शेतमजुरांची, कुंभारांची, लोहारांची, विणकरांची मुले एका बाजूला आणि चार जागा दुसऱ्या बाजूला! महाराष्ट्र सरकारने २००३ साली राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी परदेश शिष्यवृत्ती सुरू केली. तिच्यात ७५ जागा ठरल्या. या दोन्ही योजना चांगल्याच आहेत आणि त्यांतल्या जागा वाढल्या पाहिजेत, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण त्या पदव्युत्तर शिक्षणासाठी आणि डॉक्टरेटसाठी आहेत. आयटीआय झालेल्या मुलीला त्या दाराची कडी हाताला लागत नाही.

दुसरे दार शेतकऱ्यांच्या परदेश अभ्यास दौऱ्यांचे. राज्याच्या कृषी खात्याची ही योजना बरीच वर्षे चालू आहे. निम्मा खर्च सरकारचा, जास्तीत जास्त १ लाख रुपये, असा तिचा नियम वर्षानुवर्षे होता. इस्राएल, हॉलंड, जर्मनी असे देश दाखवतात. दौऱ्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. डोळे उघडतात, हे खरेच आहे. पण आठ-दहा दिवसांत बसमधून उतरून पॉलिहाऊस पाहणे आणि पुन्हा बसमध्ये चढणे, याला शिकणे म्हणता येत नाही. आणि उरलेला निम्मा खर्च खिशातून भरू शकेल तोच जातो. ज्याचे हात यंत्राला लागायला हवेत तो मागेच राहतो.

तिसरे दार अलीकडचे. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. ज्याला जायचे त्याने जरूर जावे. आपला माल हवा तिथे विकण्याचे स्वातंत्र्य मागणारे आपण, आपल्या घामाला हवा तिथे भाव मिळवण्याचा हक्क कोणाला कसा नाकारणार? पण इथे कारागीर हे निर्यातीचा माल आहेत. त्यांची गरज जर्मनीने ठरवली, अभ्यासक्रम जर्मनीने ठरवला. मोहोळचे शीतगृह त्या हिशेबात कुठेच नाही.

म्हणजे त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर 'सोय नाही' असे आहे. पण पूर्वी आपल्याच महाराष्ट्रात अशी सोय लोकांनी केली होती. ती कशी केली आणि कुठे फसली, हे आपण पाहिले पाहिजे.

तळेगावची काच

गेल्या शतकाच्या सुरुवातीला अंताजी दामोदर काळे नावाच्या गृहस्थांनी पैसा फंड काढला. प्रत्येकाने वर्षाला एक पैसा द्यायचा आणि त्यातून देशी उद्योग उभा करायचा, एवढी साधी कल्पना. लोकमान्य टिळकांनी तिच्यामागे बळ उभे केले. १९०८ साली त्या पैशातून तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. तो उभा करायला माणूस कोण मिळाला? ईश्वरदास वार्ष्णेय. उत्तरेकडचे गृहस्थ, जपानमध्ये आणि अमेरिकेत काचेचे काम शिकून आलेले. काच त्या काळी बाहेरून येत होती आणि भट्टीची विद्या पुस्तकात वाचून येणारी नव्हती. भट्टीसमोर उभे राहून शिकून आलेला एक माणूस आणि लोकांचा पैसा-पैसा, या दोन गोष्टी एकत्र आल्या. तळेगावने काच तर केलीच, शिवाय काच करणारी माणसे तयार केली. इथे शिकलेले कारागीर देशातल्या इतर काचकारखान्यांत गेले.

यातून घ्यायचा धडा असा. परदेशी शिकलेला माणूस परत आला तेव्हा त्याच्यासाठी भट्टी तयार होती. भट्टी नसती तर वार्ष्णेयांनी कुठेतरी कारकुनी केली असती.

बडोद्याचे पैसे आणि बडोद्याची घरे

दुसरी गोष्ट आपल्या सर्वांना माहीत आहे, पण या अंगाने आपण तिच्याकडे फारसे पाहत नाही. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकर या तरुणाला अमेरिकेत शिकायला तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. परत आल्यावर बडोदे संस्थानात दहा वर्षे नोकरी करायची, असा करार झाला. तरुण कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र शिकला, पुढे लंडनला गेला, आणि मुदत संपल्यावर १९१७ साली कराराप्रमाणे बडोद्यात हजर झाला. पुढे काय झाले? एवढ्या मोठ्या शहरात त्याला राहायला घर मिळाले नाही. नाव लपवून पारशांच्या वसतिगृहात राहावे लागले, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले. कचेरीत शिपाई लांबून कागद फेकत. काही दिवसांतच बाबासाहेब बडोदे सोडून मुंबईला आले.

महाराजांचा हेतू स्वच्छ होता. पैसा दिला होता, करारही लेखी होता. पण परतीची जागा नव्हती. कागदावरची नोकरी होती, गावात घर नव्हते. बडोद्याने आपल्या पैशाने जगातले उत्तम अर्थशास्त्राचे शिक्षण विकत घेतले आणि आपल्याच जातिभेदाने ते आठ-पंधरा दिवसांत वेशीबाहेर घालवले.

त्या शिक्षणाचे फळ मग कोणाला मिळाले? १९१८ साली बाबासाहेबांनी भारतातल्या लहान धारणक्षेत्रांच्या प्रश्नावर लेख लिहिला. जमिनीचे तुकडे जोडून शेतीचे दुखणे जाणार नाही, शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसे लादली गेली आहेत आणि त्यांना उद्योगात काम मिळाल्याखेरीज शेती सुधारणार नाही, असे त्यांनी त्यात मांडले. शंभर वर्षे उलटून गेली. एकरा-दीड एकराच्या खातेफोडीत अडकलेल्या आपल्या तालुक्यात आजही तोच प्रश्न आहे. एका शिष्यवृत्तीतून शेतकऱ्याच्या प्रश्नाचे असे निदान झाले. शिष्यवृत्ती वाया जाते असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

परत करण्याची रीत

तिसरी रीत जमशेदजी टाटांची. १८९२ साली त्यांनी परदेशी उच्च शिक्षणासाठी निधी काढला. पहिल्या काही विद्यार्थ्यांत कृष्णाबाई केळवकर होत्या. डॉक्टर होऊन त्यांनी कोल्हापुरात काम केले. या निधीची खुबी अशी की तो दान देत नाही, कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो. शिकून कमवायला लागलेल्याने पैसे परत करायचे आणि त्याच पैशातून पुढचा जायचा. सव्वाशे वर्षांहून अधिक काळ तो चालू आहे. मिंधेपणा नाही, उपकार नाही, आणि निधी आटतही नाही.

जपानने हेच काम देशाच्या पातळीवर केले. १८६८ नंतर त्यांनी भरमसाट पगार देऊन परदेशी तज्ज्ञ आणले आणि त्याच वेळी आपली पोरे परदेशात पाठवली. पोरे शिकून परतली की परदेशी तज्ज्ञाची खुर्ची त्यांना मिळत असे. कोणाच्या जागी कोण येणार हे जाण्याआधीच ठरलेले असायचे.

आपल्याकडे काय होते? माझा एक वर्गमित्र सरकारी खर्चाने फळांच्या काढणीनंतरच्या हाताळणीचे शिक्षण घ्यायला चार महिने बाहेर जाऊन आला. खात्याचे नाव घेत नाही. हुशार माणूस, वह्या भरून टिपणे घेऊन आला. आल्यावर त्याला कुठे बसवले? पीक-पाहणीच्या फायलींवर. सहा वर्षांत एकाही पॅकहाऊसमध्ये त्याचे पाऊल पडले नाही. त्याने चोरी केली नाही, कामचुकारपणा केला नाही. कोठारात बियाणे ठेवले आणि पेरायचेच राहिले, अशी गत झाली.

आक्षेप आणि उत्तरे

आमचे जुने कार्यकर्ते म्हणतील, "अहो, आधी शेतमालाला भाव मिळू द्या. भाव मिळाला की पोरे आपल्या खर्चाने जातील." भावाची लढाई थांबवावी असे कोण म्हणतो? पण २०१० साली युरोपात काय झाले ते आठवा. द्राक्षात क्लोरमेक्वाटचे अंश सापडले म्हणून आपले कंटेनर अडकले. बागायतदाराने शिफारशीबाहेर काही केले नव्हते. बाहेरच्या बाजाराचे नवे माप आपल्यापैकी कोणाला वेळेत कळले नव्हते. बाजार खुला असला तरी त्याचे माप ओळखणारा माणूस आपल्या बाजूला नसेल तर भाव दुसराच कोणी ठरवतो. कौशल्य हा भावाच्या लढाईचाच भाग आहे.

दुसरे म्हणतील, "आपल्या मातीत काय कमी आहे?" काहीच कमी नाही. मोहोळच्या संशोधन केंद्रावर १९३० च्या दशकात इथल्याच मालदांडी ज्वारीतून ३५-१ हे वाण निवडले गेले आणि आजही रब्बीच्या कोरडवाहू पट्ट्यात लोक तेच पेरतात. त्यासाठी कोणी विमानात बसले नाही. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी आपल्या बागेतल्या थॉम्पसनमधून सोनाका हे द्राक्ष निवडले, तेही इथेच, डोळ्यांच्या पारखीवर. जे इथे आहे ते शिकायला बाहेर जायचे कारण नाही. उलट, अशी पारख असलेल्या शेतकऱ्याला पदवी नाही म्हणून बाहेरच्या शिक्षणाला अपात्र ठरवणे हाच वेडेपणा आहे. पण अमोनियाच्या यंत्राची विद्या, रोपातला विषाणू तपासण्याची विद्या मालदांडीच्या कणसात सापडणार नाही. ती जिथे आहे तिथून आणावी लागेल.

तिसरा आक्षेप, "गेलेला परत येत नाही." वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे यांना इंग्रजांनी परत येऊ दिले नाही. अमेरिकेत शेतीशास्त्र शिकलेला हा क्रांतिकारक मेक्सिकोत शेतीचा प्राध्यापक झाला, तिथल्या शेतकऱ्यांसाठी शाळा काढल्या, मक्यावर संशोधन केले. महाराष्ट्राची विद्या मेक्सिकोच्या रानात पिकली. तेव्हा परके सरकार आडवे होते. आज आडवे कोण आहे? माणूस बॉन्डच्या कागदाने परत येत नाही. कामाची जागा, मानाची वागणूक आणि पोट भरेल एवढा पगार असला की येतो. तो आला नाही तर आधी आपण काय राखून ठेवले होते ते पाहावे.

आत्ताच का?

कारण एक जागा तयार होते आहे. ९ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्र सरकारने १,७६५ कोटी रुपयांचा स्वच्छ रोप कार्यक्रम मंजूर केला. देशात नऊ केंद्रे व्हायची आहेत; महाराष्ट्रात पुण्याला द्राक्षाचे, नागपूरला संत्र्याचे आणि आपल्या सोलापूरला डाळिंबाचे ठरले आहे. केगावचे डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून आहेच. रोपवाटिकेतून घरी आणलेल्या रोपाबरोबर रोग आला आणि तीन वर्षांची बाग तेल्याने उपटावी लागली, हे दुःख या अंकाच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात १९५० च्या दशकापासून रोग-विषाणू तपासून द्राक्षाच्या काड्या बागायतदारांना देतात. तीच व्यवस्था आता आपल्याकडे यायची आहे.

इमारत उभी राहील, यंत्रे येतील. त्या यंत्रांवर हात कोणाचे असतील? मातृवृक्षाचे नमुने कोण घेईल, तपासणी कोण करील, खासगी रोपवाटिकेत जाऊन 'हे रोप विकू नका' असे सांगण्याइतकी जाण आणि हिंमत कोणाकडे असेल? दिल्लीहून बदलीवर आलेला अधिकारी दोन वर्षांत परत जाईल. मोहोळ, पंढरपूर, सांगोला, मंगळवेढ्याची शिकलेली पोरे तिथे असतील तर विद्या जिल्ह्यात राहील. त्यासाठी ती आत्ताच शिकायला गेली पाहिजेत, इमारतीचे उद्घाटन झाल्यावर नव्हे.

बैठकीपुढे ठेवायचे ठराव

येत्या जिल्हा बैठकीत आम्ही पुढील ठराव मांडणार आहोत. त्यांवर तालुक्यात बोलून या.

१. भूमिहीन शेतमजूर आणि कारागीर यांच्यासाठीच्या केंद्रीय जागा चारवरून वाढवाव्यात आणि पदवी नसलेल्या, पण काम येणाऱ्या मुलामुलींसाठी सहा महिने ते एक वर्षाची वेगळी कारागीर शिष्यवृत्ती काढावी.

२. राज्याच्या शेतकरी दौऱ्यांच्या खर्चातला ठरावीक हिस्सा अशा शिक्षणासाठी राखावा. दहा जणांना दहा दिवस फिरवण्याऐवजी दोघांना सहा महिने एका पॅकहाऊसमध्ये किंवा रोपवाटिकेत हाताने काम करू द्यावे.

३. स्वच्छ रोप केंद्रातल्या तांत्रिक जागांपैकी काही जागा जिल्ह्यातल्या उमेदवारांना शिकायला पाठवून, त्यांच्या नावाने आधीच राखून ठेवाव्यात.

४. सरकारची वाट न पाहता आपला निधी सुरू करावा. निर्यातीच्या खोक्यामागे एक रुपया. वर्षाला १ हजार खोकी पाठवणारे ५०० बागायतदार पुढे आले तर ५ लाख रुपये होतात. एका वर्षी एकच माणूस जाईल, पण जाईल. पैसे बिनव्याजी कर्जाऊ द्यावेत, पाच वर्षांत परत घ्यावेत.

५. पाठवण्याआधी तीन गोष्टी लेखी ठराव्यात : शिकून आल्यावर काम कुठे, पगार किती, आणि तो दरवर्षी किमान पाच जणांना काय शिकवणार. निवड करताना आडनाव आणि पुढाऱ्याची चिठ्ठी पाहू नये, हातातले काम पाहावे. निवड समितीत मजुरांच्या आणि बायांच्या प्रतिनिधी असाव्यात. बडोद्याची चूक आपल्या गावात होता कामा नये. शिकून आलेल्या पोरीला शीतगृहाच्या गावात खोली मिळत नसेल, तर तिच्या शिक्षणावर रुपया खर्च करण्याचा आपल्याला अधिकार नाही.

पाचव्या ठरावावर वाद होईल, हे आम्हाला ठाऊक आहे. झाला तर बरेच. "पोरगी रात्रीबेरात्री यंत्रावर कशी जाणार?" असे विचारणारे आपल्यातच बसले आहेत. त्यांना आमचे एकच सांगणे आहे. मार्चमधल्या त्या रात्री खोकी खराब होत होती तेव्हा यंत्र सुरू करायला बाई आली की बाप्या, हे कोणी विचारले नसते.

तालुका बैठकीत त्या मुलीला मी 'चौकशी करून सांगतो' म्हणालो होतो. चौकशी झाली. सोय नाही, करावी लागेल. जिल्हा बैठकीला तीही येणार आहे, आणि तिला उत्तर देण्याची पाळी आता एकट्या माझी नाही. येताना मागच्या हंगामात किती खोकी गेली तो आकडा घेऊन या.